गाढवीच्या पाठीवरचा म्हातारा केस

फार जुन्या काळी केसांनाही तोंड होतं, आणि न्हाव्यासमोरसुद्धा ते गप्प बसत नसत. तेव्हा झिपरी नावाच्या गाढवीच्या पाठीवर एक म्हातारा केस राहत होता. आपण गेलो की झिपरी थंडीनं गारठून मरणार, अशी त्याची पक्की समजूत. उन्हाळा लागला, शेजारचे केस भराभर गळाले, पण हा हलेना. कातडीतल्या ज्या खळगीत तो जन्मला, तिला तो आई म्हणायचा आणि घट्ट धरून बसायचा.

“आई, हल्ली तू मला खाऊ घालत नाहीस गं.”

“तुझी वाढ पुरी झाली, बाळा. मी जरा झोपले होते, आता उठलेय.”

“कशाला?”

तेवढ्यात खालून ढुशी बसली. “आजोबा, सरका की!” एक इवलासा केस वर येत होता.

म्हाताऱ्यानं खळगीला आणखीच घट्ट धरलं. “म्हणजे मला हाकलतेस?”

“नाही रे. तू दार राखलंस, म्हणून तर मला निवांत झोप लागली. आता जा. झिपरीची काळजी नको.”

त्यानं पकड सोडली. एका चिमणीनं त्याला उचलून घरट्यात अंथरलं. संध्याकाळी अंड्यातून निघालेलं उघडंबोडकं पिल्लू कुडकुडत त्याच्यावर निजलं. पिल्लाच्या कातडीत बारीक बारीक खळग्या होत्या, नुकत्याच जाग्या झालेल्या. एकीतून कोवळा आवाज आला, “आई, बाहेर येऊ?”

“सावकाश ये, पिसा,” खालून म्हातारा म्हणाला. “तोवर मी आहे.”