उंबराखालचा रिकामा पाळणा

फार फार वर्षांमागं बोरवणात भिवरा नावाची सुईण होती. ती कुठून आली, कुणाची कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या दारच्या उंबराला एक रिकामा पाळणा टांगलेला असे. मूल होत नसलेली माणसं तिच्याकडं जात, आणि तिचा नेम एकच, यायचं ते जोडीनं. एकट्या बाईला ती दारातूनच माघारी धाडी.

पुतळा भीत भीतच तिथं निघाली. लेक सहा वर्षांची झाली, पण पाठीवर दुसरं मूल नव्हतं. अशा बाईला गाव काकवंध्या म्हणे, कावळीसारखी एकदाच विणारी. सासूनं सवतीची बोलणी पक्की केली होती. नवरा हैबती मात्र मिशीला पीळ देत बरोबर आला. एका लेकीचा बाप तो, त्याच्यात कसली आलीय खोट!

ऐन दुपार होती. पान हलत नव्हतं. भिवरा म्हणाली, "एकेकानं झोका द्या."

पुतळानं दिला. आत कुणी निजल्यासारखा पाळणा जड जड गेला, दोर करकरला. असं म्हणतात, आतून बोट चोखल्याचा आवाज आला. पुतळानं झटकन हात मागं घेतला.

हैबतीनं दिला, तर पाळणा जागचा हलेना. रेटून रेटून तो घामाघूम झाला.

"लेक झाल्यावर कंचा आजार झालता रं तुला?" भिवरानं विचारलं.

"गालगुंड. सूज खाली उतरली. महिनाभर चालवत नव्हतं."

"तवाच तुझं बी करपलं. कुणाचं बाईत अडतं, कुणाचं गड्यात, कुणाचं दोघांत. काहींचं मलाबी उमगत न्हाई. पर गाव बोट दावतं ते बाईलाच."

हैबतीचं तोंड उतरलं. "आजी, कुणाला सांगू नगा."

"मी कशाला सांगू? पाळणा सांगंल."

दिवेलागणीला सासूनं तोंड सोडलं, "या काकवंध्येला..." आणि लांब उंबराकडून करकर ऐकू आली. सासू पुन्हा तेच बोलली. करकर अंगणात आली. तिसऱ्यांदा बोलली, तेव्हा ती थेट घराच्या आढ्यातून येऊ लागली. पुतळानं लेकीला पोटाशी धरलं.

"आये, गप!" हैबती ओरडला. "खोट माझी हाय!"

करकर थांबली.

सवत आली नाही. भिवराही पुन्हा कुणाला दिसली नाही. असं म्हणतात, तिच्या घरात चूलसुद्धा नव्हती.

बोरवणात आजही लग्नात नवरीबरोबर नवऱ्याचीही ओटी भरतात, त्याच्या उपरण्यात. मग दोघं मिळून उंबराखालच्या रिकाम्या पाळण्याला झोका देतात. आणि कुणी परगावची बाई चुकून तो शब्द बोललीच, तर घरातली सगळी माणसं गप्प होतात आणि हळूच आढ्याकडं बघतात.