हंसावती राणीचे टोमॅटो

एका राज्यात मत्सर लपवायची सोय नव्हती. पूर्वी कधी दोन राजपुत्र माणकांच्या खजिन्यावरून भांडले आणि खजिन्याने शाप दिला. तेव्हापासून दुसऱ्याचे बरे पाहून ज्याच्या पोटात दुखे, त्याच्या नखाचे माणिक होई. जळफळाट वाढला की बोट, मग पंजा. हात दिसायला देखणा, पण त्याने घास काही उचलता येत नसे.

त्या राज्याची थोरली राणी हंसावती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे लालभडक झाली होती, आणि कारण होते टोमॅटो. राजेरजवाड्यांच्या काळात टोमॅटो कुठला, असे विचारू नका. पुढे साळुंकी बोलणार आहे ते चालते, मग टोमॅटोनेच काय घोडे मारले? धाकटी राणी रेवावती आपल्या महालामागे टोमॅटो लावी, आणि राजा पाटावर बसला की म्हणे, "धाकटीच्या टोमॅटोचे सार वाढा." थोरलीच्या पक्वान्नांकडे तो ढुंकूनही पाहत नसे. हंसावतीच्या अंगाचा तिळपापड होई. "माती चिवडणारी मेली!" ती पुटपुटे, आणि आणखी एक नख लाल होई.

शेवटी ती मांत्रिकाकडे गेली. त्याने पांढरी भुकटी दिली. "एका रात्रीत फळ धरेल, राणीसाहेब." हंसावतीने आपल्या महालामागे टोमॅटोची रोपे लावली आणि भुकटी मातीत मिसळली. फळ धरले खरे! भोपळ्याएवढाले टोमॅटो लटकले. राजाने एक फोड तोंडात घातली आणि हळूच ताटाबाहेर ठेवली.

"राणी, याला चव का नाही?"

पलीकडे रेवावती मान खाली घालून बसली होती. ती हसत असणार, या विचारानेच हंसावतीचा पंजा मनगटापर्यंत दगड झाला. राजवैद्य म्हणाले, "आता खांदा, आणि खांद्यापुढे काळीज."

बागेच्या भिंतीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "भुकटीने तुझी माती मेली. जगायचे असेल तर तीन कामे कर. पहिले, माती जिवंत कर."

"आणि दुसरे?"

"पहिले झाल्यावर."

राणीने डाव्या हाताने शेण, पालापाचोळा आणि राख कालवली. दासींनी नाकाला पदर लावले. पावसाळा सरला तेव्हा ढेकळाखाली गांडूळ वळवळले, आणि राणीला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिला धाकटीची आठवणही झाली नाही.

"दुसरे," साळुंकी म्हणाली, "झाडावर विष नको."

मग राणीने नवी रोपे लावली; रोज सकाळी ती अळ्या हाताने वेची, निंबोळीचे पाणी शिंपडी. कडेने तिने झेंडू लावला. अखेर दोन टोमॅटो पिकले, लहानसेच. एक तिने तिथेच खाल्ला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. "आता बघते धाकटीची मिजास!" ती म्हणाली, आणि हात कोपरापर्यंत दगड झाला.

"तिसरे. उरलेले फळ धाकटीच्या नावाने वाढ."

हंसावतीने ढेकूळ भिरकावले. "जीव गेला तरी नाही!"

"जाईलच," साळुंकी म्हणाली.

राणीने ते फळ चिरून धाकटीच्या नावाने वाढले. राजाने डोळे मिटून खाल्ले. "वा! धाकटीच्या हाताला तोड नाही." हंसावतीने दात आवळले. हात दगडाचाच राहिला. इतके केले आणि पदरात पडला धोंडा!

तेवढ्यात रेवावतीने एक फोड तोंडात घातली. तिचा चेहरा उतरला.

"महाराज, हे माझे नव्हे. माझ्या वाफ्यात असे फळ कधी आले नाही." बोलता बोलता तिने हात पदराखाली लपवला, पण हंसावतीने पाहिले होते. करंगळीचे नख लाल झाले होते.

हंसावतीला आनंद व्हायला हवा होता. पण ते पहिले नख कसे ठणकते आणि घास कसा कडू लागतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? ती उठली आणि तिने नकळत आपल्या उजव्या हातात धाकटीचा हात घेतला.

"रेवा, घाबरू नकोस. उद्या माझ्याकडे ये. खत कसे कालवायचे ते दाखवते. बीही देईन."

"अक्का," रेवावती चकित होऊन म्हणाली, "तुमचा हात किती ऊबदार आहे!"

त्या दिवसापासून त्या राज्यात कोणाचे नख लाल झाले नाही. मत्सर संपला असे कोणी समजू नये, भांडणातून आलेला शाप तेवढा समेटाने संपला. आणि राजा सार भुरकताना कोणाचेही नाव घेईनासा झाला.