हत्तीच्या वजनाची कडी

कराडच्या कुंदाताई घोरपडे वेल्डिंग शिकल्या आणि सासऱ्यांसाठी गच्चीवर लोखंडी झोपाळा स्वतःच बनवायचा, असं त्यांनी ठरवलं. पट्ट्या चांगल्या बोटभर जाड होत्या, तेव्हा दणकट मशीन हवं होतं.

त्या बाजारातल्या बाबूशेठच्या वेल्डिंग मशीनच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाइकाला काय हवं, हे गिऱ्हाइकापेक्षा आपल्यालाच जास्त कळतं, अशी शेठची पक्की समजूत होती. त्यांनी जेवणाच्या डब्याएवढं मशीन पुढे सरकवलं. “बाईमाणसाला हेच बरं.”

“पट्टी जाड आहे, शेठ. एवढ्याशा मशीनने जोड वरवर बसेल, आत मुरणार नाही. मला मोठं दाखवा.”

“ताई, या धंद्यात जन्म गेला माझा,” म्हणत शेठनी तिथल्या तिथे त्याच छोट्या मशीनने एका जाड पट्टीला कडी जोडली. “बघा. हत्ती झुलला तरी निघायची नाही.”

चार गिऱ्हाइकं माना डोलवायला लागली. कुंदाताईंनी कडी गार होऊ दिली. मग छताला माल उचलायची साखळी होती, तिला ती पट्टी अडकवली आणि कडीतून दोर ओवून खाली फळी बांधली.

“आता या भर बाजारात हत्ती कुठे शोधू? तुम्हीच बसा.”

शेठनी जोडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

“तसं नव्हे ताई, माझं वजन जरा जास्त आहे.”

“हत्तीपेक्षाही?”

दुकानभर हशा पिकला. शेठ शिडीवर चढले आणि माळ्यावरचं मोठं मशीन त्यांनी स्वतःच्या हातांनी खाली उतरवलं.