वेलांटी साधेपर्यंत

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, कुणाला द्यायची वस्तू अजून चांगली व्हावी म्हणून तुम्ही कधी मागे ठेवली आहे का?

फार फार पूर्वी, डोंगराखालच्या एका गावात भिवा नावाचा म्हातारा टोपल्या विणत असे. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याची नजर मंदावत चालली होती, आणि वैद्यांनी सांगितलं होतं की ती एक दिवस पुरती जाईल. त्याआधी आपलं नाव लिहिलेलं एकदा बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून त्याची लेक गावातल्या म्हाताऱ्या लेखनिक गुरुजींकडे, त्यांनीच दिलेल्या टाकाने अक्षर काढायला शिकू लागली.

टाक मोठा हट्टी. खाली येताना दाबला की टोक फाकतं आणि रेघ भरदार उतरते. वर जाताना मात्र हात अगदी हलका हवा. जरा जोर पडला की टोक कागदात रुततं आणि शाईचे शिंतोडे उडतात. लेकीची ‘भि’ची वेलांटी नेमकी तिथेच अडायची. मग कागद चुलीत जायचा.

“अजून किती दिवस गं?” बाप हसून विचारायचा. “दोनच तर अक्षरं आहेत माझ्या नावात. लांबलचक नावाच्या सेनापतीची लेक असतीस तर शिकता शिकता म्हातारी झाली असतीस.”

“थांबा हो, आबा. असलं गिचमिड काय बघायचं?”

एकदा तिने चुरगाळायला घेतलेला कागद गुरुजींनी काढून घेतला. “हा घरी ने, पोरी.”

“डाग पडलेत त्यावर, गुरुजी.”

“पडू देत. चुका काढायची खोड मला आहे, तुझ्या बापाला नाही.”

तिने नेला नाही. बाप अजून पूर्वीसारखीच घट्ट, सुबक टोपली विणत होता. म्हणजे डोळे शाबूत आहेत, असं ती धरून चालली. टोपली बोटं विणतात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

हळूहळू बापाने विचारणं सोडलं. तिला बरंच वाटलं.

थंडी सरली, आणि एका दुपारी वेलांटी साधली. लेक धावत घरी आली. बापाने धोतराला हात पुसले, कागद दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे तोंड करून बसला.

“झकास,” तो म्हणाला. “अगदी ठसठशीत काढलंस.”

अक्षरांची बाजू लेकीकडे होती. त्याच्यासमोर कोरा कागद होता.

तिने कागद उलटून त्याच्या हातात दिला. “झकास,” तो पुन्हा म्हणाला.

“कधीपासून, आबा?”

“झाले बरेच दिवस. तू एवढी मन लावून बसायचीस. म्हटलं, सांगून कशाला तुझा हात बिघडवायचा.”

ज्याच्यासाठी शिकायचं, त्याला आपलं पहिलं वेडंवाकडं अक्षरच दाखवावं. सुंदर अक्षर येईपर्यंत तो बघू शकेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप टोपली विणायला बसला, आणि लेक गुरुजींचा टाक परत देऊन आली.