मोराचं ताट

"रंग कुठून आणलास?"

अक्कांनी ताट उन्हात धरलं होतं. स्टीलचं ताट, आणि त्यात पिसारा फुलवलेला मोर. निळा, जांभळा, सोनेरी.

"रंग घातलाच नाही, अक्का," हेमांगी म्हणाली.

"घातला नाही? मग हे निळं काय, माझा मोतीबिंदू?"

हेमांगी याच प्रश्नासाठी तर टपून बसली होती. "लेसरचं मशीन घेतलंय मी. नुसता किरण पडतो. स्टील तापतं आणि त्यावर पातळ साय धरते, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही इतकी. साय जशी जाड, तसा रंग. किरण भरभर फिरवला की सोनेरी, हळू फिरवला की निळा. एकेक पीस जुळवता जुळवता पाच महिने गेले."

"म्हणजे धग जास्त झाली की पातेल्याचं बूड निळं पडतं, तसं."

"तसंच… पण अक्का…"

"तसंच ना?"

"…तसंच."

चुलीपाशी भाकऱ्या थापणारी सरूबाई फिसकन हसली. हेमांगीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

अक्का तांबटाच्या घरच्या. तीस वर्षांपूर्वी मठात आल्या त्या इथल्याच झाल्या. दुपारी येईल त्याला जेवू घालायचं आणि उरल्या वेळात मागच्या पडवीत बायकांना भांडी घडवायला शिकवायचं. शिकवायचं म्हणजे काय, हातोडी हातात द्यायची आणि गप्प बसायचं. बिघडलं की भांडं परत भट्टीत. बरं झालं की काही नाही. आणि फारच साधलं तर दोन शब्द.

"नाव काढलंस."

अकरा वर्षांत हेमांगीनं ते दोन शब्द एकदाच ऐकले होते. तेही बरोबर शिकणाऱ्या तुळसासाठी. काय घडवलं होतं तुळसानं? डाव! आमटी वाढायचा साधा पितळी डाव. ना वेल, ना बुट्टी. हेमांगीला ते अजून टोचत होतं.

"अक्का, उद्या हे ताट देवीपुढं नैवेद्याला लागणार. विश्वस्तांनी हो म्हटलंय. दहा गावची माणसं बघतील. तुम्ही आज मला ते दोन शब्द म्हणा. नाही म्हणालात तर मी पुन्हा या पडवीत पाय ठेवणार नाही."

सरूबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

अक्कांनी ताट कलतं केलं. निळ्याचं जांभळं झालं. सरळ केलं. जांभळ्याचं पुन्हा निळं.

"ताटच आहे ना हे?"

"ताटच आहे."

"बरं."

अक्का चुलीपाशी जाऊन बसल्या. ताट पुढ्यात ठेवलं. भाताचं पातेलं ओढलं आणि दोन मुठी भात थेट मोराच्या छातीवर घातला. वर डावानं आमटी. डाव तुळसाचाच. त्यावर एक अक्षर नव्हतं, पण मठात शिरणारं नवं माणूससुद्धा दुसऱ्या दिवशी त्याला तुळसाचा डाव म्हणायला लागायचं.

"अक्का! अहो, ते देवीचं…"

"भूक लागलीय."

आमटी पिसापिसातून वाहत कडेला आली. अक्का सावकाश जेवल्या. बोटं चाटली. ताट उचलून अंगणातल्या दगडापाशी गेल्या, राख घेतली, राखेत विटेची भुकटी मिसळली, नारळाच्या शेंडीचा चोथा ओला केला.

हेमांगी धावली. तिनं अक्कांचं मनगट धरलं. "घासू नका! पाया पडते तुमच्या! त्याला नुसतं पाणी… मऊ फडकं…"

"जेवलेलं ताट खरकटं ठेवू?"

लहान मुलाच्या मुठीतून चमचा काढून घ्यावा तसं अक्कांनी मनगट सोडवलं.

आणि घासायला लागल्या.

आधी सोनेरी पिसं गेली. मग जांभळी. मग निळी मान. अक्कांचा हात काही थांबेना, गोल गोल, गोल गोल, रोजचं भांडं घासावं तसा. चोच तेवढी जरा वेळ तग धरून होती. तीही गेली.

हेमांगी ओल्या फरशीवर मटकन बसली. रडूसुद्धा येईना. पाच महिने एका जेवणात संपले होते.

अक्कांनी ताटावर तांब्याभर पाणी ओतलं. लख्ख झालं. पांढरं, कोरं.

कोरं नव्हतं.

कडेला अक्षरं होती. काळपट, खोल. 'हेमांगी'.

अक्कांनी त्यावर राख टाकली, घासलं. पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा घासलं. धुतलं. अक्षरं होती तशी. त्यांनी वरून नख फिरवलं. नख अडकलं.

"हे कसं राहिलं?"

हेमांगीनं हात लांबवून अक्षरांवर बोटं ठेवली.

"हेमे, विचारतेय मी."

"ते… मशीनचा सगळा जोर लावून केलंय. किरण चार वेळा फिरवला त्यावरून. जाऊ नये म्हणून."

"आणि मोरावरून?"

"एकदाच."

"त्याला का नाही लावलास जोर?"

"जोर लावला की रंग जळतो, अक्का. काळं पडतं."

"नाव काळं पडलं ते चाललं?"

हेमांगीनं ताटाकडं बघितलं. पाच महिने रात्रंदिवस डोळ्यांपुढं असलेलं ताट. हे तिला एकदाही दिसलं नव्हतं.

सरूबाईची भाकरी तव्यावर करपत होती. कुणी उठलं नाही.

"अक्का…" हेमांगीचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मी ते दोन शब्द मागायला आले होते."

"माहीत आहे मला."

अक्कांनी ताट तिच्या मांडीवर ठेवलं. तिची मूठ उघडली आणि राखेचा ओला चोथा तळव्यात दाबला.

"घे. नाव काढ."