मुंगसाने वकील निवडला

अगं, ऐक तरी काय झालं! म्हणजे झालं फार पूर्वी, पण मला आत्ताच कळलं. टिटवीची तीन अंडी गेली आणि आळ आला मुंगसावर. शिक्षा काय, तर कायमचा माळ सोडायचा.

मुंगूस आधी खेकडा वकिलाकडे गेलं. खेकड्याने पहिलंच विचारलं, "खरं सांग, किती खाल्लीस?"

"एकच. पण तू माझा वकील आहेस की टिटवीचा?" मुंगूस जाम चिडलं आणि तडक मोराकडे गेलं. मोर म्हणाला, "मला काही सांगूच नकोस रे, सुटलास समज!"

कोर्टात मोराने पिसारा फुलवला. "माझे अशील त्या घरट्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत!" सगळे बघतच राहिले.

न्यायाधीश म्हशीने रवंथ थांबवलं. "मग घरट्यापाशी ही पावलं कोणाची?"

मोराने मुंगसाकडे पाहिलं. त्याने मुंगसाला काही विचारलंच कुठे होतं! खोटं उघडं पडलं आणि तिन्ही अंडी मुंगसाच्याच माथी आली.

मुंगूस माळ सोडून निघालं, तेव्हा वाटेत खेकडा भेटला. "तिथे घोरपडीचीही पावलं होती. मी सकाळीच बघून आलो."

"मग माझ्या एका अंड्याला काय शिक्षा झाली असती?"

"पावसाळाभर टिटवीच्या घरट्याची राखण."

आता तू सांग, तोंडावर "किती खाल्लीस" विचारणारा वकील तू तरी केला असतास का?