रणधुमाळ महाराजांची विजेची पालखी

"बटण दाबलं की पूर्ण वेग! बटण सोडलं की जागच्या जागी उभी! आणि माझ्या मिशीचा केससुद्धा हलता कामा नये!" रणधुमाळ महाराज गरजले.

गडावर जायला महाराजांनी दोरावरून चालणारी विजेची पालखी बसवली होती. ती चालवणारा हैबती मोटरला रॅम्प, म्हणजे वेग हळूहळू चढवायची-उतरवायची सोय, लावून ठेवायचा. त्यामुळे पालखी सावकाश वेग धरायची, सावकाश सोडायची. महाराजांना तो अपमान वाटला. "राजा काय गोगलगायीसारखा निघेल? काढ तो रॅम्प!"

हैबतीने हात जोडले, पण हुकूम म्हणजे हुकूम. रॅम्प निघाला. पालखीने असा हिसका दिला, की महाराज मागे आणि पगडी दरीत! वर पोचल्यावर ती अशी थांबली, की महाराज पुढे, थेट समोर बसलेल्या प्रधानाच्या पोटावर!

त्या राज्यात हुकूम कधी चुकत नसे, माणसंच चुकत. हैबती कोठडीत गेला. "उद्या मी म्हणतो तशी पालखी चालली नाही, तर याला कड्यावरून लोटा!"

तेवढ्यात हैबतीची बहीण हौसा पुढे आली. रोज भावाला कामावर भाकरी पोचवता पोचवता ती मोटरची सगळी बटणं शिकली होती.

"उद्या पालखी मी चालवते, महाराज. पण एक सांगा. तुम्ही निघालात, हे धरायचं कधी?"

"भालदाराची ललकारी संपली की! ती चालू असताना 'महाराज निघाले' असं एक चोपदार बरळला होता. हल्ली शेळ्या राखतो!"

"आणि पोचलात कधी?"

"ललकारीचा पहिला शब्द उठला, की मी पोचलो! पाय कुठे का असेना!"

"झालं तर मग!" हौसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी महाराज नव्या पगडीत, प्रधानासह पालखीत बसले. भालदाराने सूर लावला. "शत्रुदमन! सिंहगर्जन! सप्तसिंधूविजेते!" महाराजांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, तरी डोळे मिटून ते डोलू लागले. इकडे पालखीतच पुढे बसलेल्या हौसाने बटण दाबलं. ललकारी जेवढी लांब, तेवढाच लांब रॅम्प तिने लावला होता. पालखी अलगद सरकली, वेग धरत गेली. "...रणधुमाळ महाराऽऽज!" शेवटचा शब्द पडला आणि पालखी पूर्ण वेगात!

हौसाने वरच्या भालदारालाही पढवून ठेवलं होतं. पालखी हळू व्हायला लागली, तसा तो ओरडला, "शत्रुदमन!" पुन्हा महाराजांचे डोळे मिटले. ललकारी संपली, तेव्हा पालखी गडाच्या दाराशी शांत उभी होती.

महाराजांनी मिशी चाचपली. केस न् केस जागेवर!

"फसवणूक!" प्रधान किंचाळला. "महाराज, ललकारी चालू होती तेव्हाच पालखी निघाली!"

"असं?" हौसा वळली. "आत महाराज बसले होते ना, प्रधानजी? म्हणजे ललकारी चालू असताना महाराज निघाले, असंच म्हणताय ना तुम्ही?"

प्रधान दोन पावलं मागे सरला. "मी... पालखी म्हणालो. नुसती पालखी. मला शेळ्यांचा वास सोसत नाही हो!"

"काय गं पोरी," महाराजांनी डोळे वटारले, "मला बनवतेस?"

"छे! ललकारी संपायच्या आत पालखी हलायला नको असेल, तर एवढी लांब ललकारी कशाला? नुसतं 'आले' आणि 'गेले' म्हणायला लावते भालदाराला!"

"खबरदार! एकही बिरूद कमी व्हायचं नाही!" महाराज ओरडले आणि सावकाश निघणं आपणच कबूल केलं, हे कळून स्वतःच खो खो हसत सुटले. हसता हसता गळ्यातला कंठा काढून त्यांनी हौसापुढे धरला. "घे! आणि भावालाही सोडतो हो. आधी शाही जेवण, मग दुपारची झोप, मग सावकाश..."

"कंठा राहू द्या, महाराज! भाऊ आधी! तुमच्या पालखीला रॅम्प हवा, कोठडीच्या कुलपाला नको!"

हसून हसून महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, पळा! कुलूप उघडा! आणि कंठा हैबतीच्या गळ्यात घाला!"